छकुलीचा श्वास मोकळा करणाऱ्यांना
आमची छकुली सातव्या महिन्यातच झाली, वजन बाराशे ग्रॅम. व्हेंटिलेटरची नळी काढल्यावर श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा, छातीखाली खळगा पडायचा. नळीच्या घर्षणानं स्वरयंत्राखालची वाट अरुंद झाली होती. नागपूरच्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून इवल्याशा फुग्यानं ती रुंद केली. गळ्यावर कापाकापी नाही, टाका नाही. दोनदा करावं लागलं.

यवतमाळहून रात्री १०८ घेऊन निघालेले चालकदादा, वाटभर ऑक्सिजनवरून नजर न हटवणारे डॉक्टर, अन् 'ताई, रडा, पण आधी लेकराला छातीशी घ्या' म्हणणाऱ्या सिस्टर, तुमची नावं विचारायचीच राहिली. मनापासून आभार. काल कापूस वेचून घरी आलो, तर छकुलीचं रडणं पार अंगणापर्यंत ऐकू येत होतं.