फिस्टुलाचा हात आधीपासून जपा

महोदय,

नागपुरात कित्येक मूत्रपिंडरुग्ण आजही मानेत कॅथेटर घालूनच पहिल्या डायलिसिसला बसतात. तातडीत तो लागतोच. पण ही नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असते. जंतू थेट रक्तात जातात, आणि ती फार दिवस राहिली तर शीर आकसते. मग त्या बाजूला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातात केलेली शीर-धमनीची जोडणी, केला तरी हात सुजतो.

फिस्टुलात मनगटाजवळ किंवा कोपराजवळ शीर धमनीला जोडतात. शीर फुगून भिंत जाड व्हायला सहा आठवडे ते तीन महिने लागतात. व्यास सुमारे ६ मिलिमीटर आणि प्रवाह मिनिटाला ६०० मिलिलिटरच्या आसपास येईपर्यंत सुयांची घाई नको. कोवळी शीर फुटते, हात काळानिळा पडतो. शिरा बारीकच असतील तर कृत्रिम नळीचा ग्राफ्ट दोन-तीन आठवड्यांत वापरता येतो, मात्र त्यात गुठळ्या लवकर होतात.

म्हणून रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण) वाढू लागताच कमी वापराचा हात राखून ठेवा. सलाइन, रक्ततपासणी पंजाच्या मागच्या शिरेतून करा. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाबही मोजू देऊ नका. फिस्टुलावर बोटांना जाणवणारी थरथर रोज तपासा. ती थांबली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मे महिन्यात जुलाब-उलट्यांनी रक्तदाब घसरला, की फिस्टुला बंद पडण्याचा धोका वाढतो.

सर्व रुग्णालयांनी अशा रुग्णाच्या खाटेवर ‘या हाताला सुई नको’ अशी पाटी लावावी, ही कळकळीची विनंती.

– एक डायलिसिस तंत्रज्ञ, नागपूर