'गॅट्सबी'मधली प्रतीकं पात्रांपासून तोडू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत 'द ग्रेट गॅट्सबी'वरचा लेख वाचला. एफ. स्कॉट फिट्झजेराल्डच्या, १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या या अमेरिकन कादंबरीला एवढी जागा दिलीत, याचा आनंद झाला. पण हिरवा दिवा म्हणजे अमेरिकन स्वप्न, चष्म्यामागचे डोळे म्हणजे देव, राखेचं मैदान म्हणजे नैतिक ऱ्हास, अशी जी यादी लेखकाने दिली आहे ती वाचून लिहावंसं वाटलं. अशा यादीत पात्रं हरवतात, आणि फिट्झजेराल्डची सगळी ताकद तर पात्रांत आहे.

त्या डोळ्यांचंच पाहू. गॅट्सबी राहतो ते वेस्ट एग आणि न्यूयॉर्क यांच्यामधल्या राखेच्या मैदानात एक जुना फलक उभा आहे. डॉक्टर एकलबर्ग नावाच्या कुणा नेत्रतज्ज्ञाने धंदा वाढावा म्हणून कधीकाळी लावलेली जाहिरात. निळे अवाढव्य डोळे, पिवळा चष्मा, रंग विटलेला. त्या डोळ्यांना देव मानणारा माणूस कादंबरीत एकच आहे: गॅरेजवाला जॉर्ज विल्सन. त्याची बायको मर्टल मोटारीखाली सापडून गेली आहे आणि शेजारी मायकेलिस रात्रभर त्याच्या सोबतीला बसला आहे. तुझं एखादं चर्च आहे का, असं मायकेलिस त्याला विचारतो. नसतंच. पहाटे खिडकीशी उभा राहून विल्सन सांगतो, की मला फसवशील पण देवाला फसवता येणार नाही, असं मी तिला बजावलं होतं. हे बोलताना त्याची नजर फलकावर असते. मायकेलिस चपापतो आणि म्हणतो, अरे, ती जाहिरात आहे. फलक तोच, पाहणारे दोघे. ज्याला धाव घ्यायला दुसरा देव नाही, त्यालाच तिथे देव दिसतो. यात विल्सन कळतो. 'डोळे म्हणजे देव' एवढंच लिहिलं, की तो बिचारा बाजूला पडतो.

हिरव्या दिव्याचंही असंच. पहिल्या प्रकरणात कादंबरीचा श्रीमंत नायक गॅट्सबी अंधारात खाडीपलीकडच्या, डेझीच्या धक्क्यावरच्या त्या दिव्याकडे हात पसरतो, हे सगळे सांगतात. पाचव्या प्रकरणात ही डेझी, त्याची जुनी प्रेयसी आणि आता टॉमची बायको, त्याच्या शेजारी उभी असते, तेव्हा तोच दिवा पुन्हा धक्क्यावरचा साधा दिवा होऊन जातो, असं कादंबरीचा निवेदक निक याला वाटतं. लेखात याचा उल्लेखही नाही. माझ्या मते सगळ्या कादंबरीतलं हे सर्वांत क्रूर निरीक्षण आहे. हवी ती व्यक्ती हाताशी आली आणि गॅट्सबीची मंतरलेल्या वस्तूंची दौलत एकाने घटली!

म्हणूनच लेखात डेझीला 'पैशाचं प्रतीक' म्हटलेलं मला खटकलं. तिच्या आवाजात पैसा भरलेला आहे, हे वाक्य गॅट्सबीचं आहे. प्लाझा हॉटेलातल्या त्या तापलेल्या दुपारी तो तिच्याकडून काय मागतो? टॉमवर आपलं कधीच प्रेम नव्हतं, असं तिने म्हणावं. ती म्हणते, आज माझं तुझ्यावर प्रेम आहे, एवढं पुरे नाही का? तिच्या मधल्या पाच वर्षांना, लग्नाला, मुलीला त्याच्या हिशेबात स्थानच नाही. डेझी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मर्टलला चिरडणारी मोटार तीच चालवत होती आणि गॅट्सबीच्या अंत्यविधीला तिच्याकडून साधं फूलही आलं नाही. पण हा दोष एका भित्र्या, सुखाला सोकावलेल्या, जिवंत बाईचा आहे. तिला प्रतीक करून टाकण्याचा अन्याय गॅट्सबीने केला. तोच आपण वाचकांनी पुन्हा का करावा?

गॅट्सबीचे रेशमी शर्ट, पानं न फाडलेली ग्रंथालयातली पुस्तकं यांवर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते वडिलांनी, हेन्री गॅट्झ यांनी, मुलगा गेल्यावर आणलेलं जुनं पुस्तक. नॉर्थ डकोटाच्या जेम्स गॅट्झने (गॅट्सबीचं हे मूळ नाव) त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर सप्टेंबर १९०६ मध्ये दिनक्रम लिहून ठेवला आहे: सहाला उठणे, व्यायाम, विजेचा अभ्यास, वक्तृत्वाचा सराव. आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकायचे, आणि ते पाच खोडून तीन केलेले. त्या खाडाखोडीत तो पोरगा अख्खा उभा राहतो. तेव्हा डेझी त्याच्या आयुष्यात यायला बरीच वर्षं होती. ओढ आधीपासूनच होती, तिला चेहरा मागाहून मिळाला. 'स्वप्न' हा एकच शब्द लावला तर हा क्रम दिसतच नाही.

पुरवणीत या कादंबरीवर आणखी लिखाण येणार असेल, तर त्यात निक कॅरवेला जागा द्यावी ही विनंती. दिवा, डोळे, राख हे सगळं आपण त्याच्याच नजरेने पाहतो. मी कुणाविषयी घाईने मत बनवत नाही, असं सुरुवातीलाच सांगणारा हा गृहस्थ पानोपानी मतं देत जातो. त्याच्या शब्दावर वाचकाने किती भिस्त ठेवावी, याची चर्चा वाचायला आवडेल.

आपला,
एक वाचक