उच्चशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र: माजी विद्यार्थ्यांकडून नुसता वॉटर कूलर घेऊ नका

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी सांगलीचा. नोकरीपायी बरीच वर्षं अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात काढली, आता परत आलोय. विषय माजी विद्यार्थी संघांचा आहे. कागदावर हे संघ जवळपास सगळ्या कॉलेजांत सापडतील, कारण नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या, फाईलीत माजी विद्यार्थ्यांचा रकाना असतो आणि नोंदणीकृत संघ आहे का ते तिथे लिहावं लागतं. रकाना भरला की विषय संपला. मग वर्षातून एक मेळावा, मसालेभात, जुन्या सरांचा सत्कार आणि फारच उत्साह असेल तर एक वॉटर कूलर, ज्यावरची देणगीदारांची पाटी कूलरपेक्षा जास्त चकचकीत असते.

तिकडे मी जे पाहिलं ते वेगळं होतं. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या जुन्या फ्रॅटर्निटी, म्हणजे बंधुसंघटना, आहेत, त्यातली एक ओमेगा साय फाय, १७ नोव्हेंबर १९११ ला वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात तीन विद्यार्थी आणि एका प्राध्यापकाने सुरू केलेली. हिच्यात एकदा मेंबर झालं की आयुष्यभर मेंबर. आणि खरी गंमत अशी की पदवी झाल्यावर तुम्ही कॉलेजच्या नाही, तुम्ही राहता त्या गावाच्या चॅप्टरमध्ये, म्हणजे शाखेत, जाता, त्यात कुणी हॉवर्डचा कुणी भलत्याच कॉलेजचा, कुणी वकील कुणी पोस्टात, सगळे खिशातनं वर्गणी काढतात आणि काम करतात ते त्या गावातल्या पोरांसाठी. त्यांचा टॅलेंट हंट असतो हायस्कूलच्या मुलांसाठी, आपल्या नववी ते बारावीच्या वयाच्या. गाणं, वाद्य, नाच, वक्तृत्व. गावातला चॅप्टर स्पर्धा भरवतो, जिंकेल तो वर डिस्ट्रिक्टला, म्हणजे मोठ्या विभागाच्या फेरीला. कप्पा अल्फा साय नावाची दुसरी फ्रॅटर्निटी १९२२ पासून पोरांना पुढे काय शिकायचं, कुठलं काम धरायचं ते दाखवायचा कार्यक्रम चालवते.

हे नुसतं हौसेचं नाही बरं का. कार्टर वुडसन हे इतिहासकार ओमेगाचेच, त्यांच्या आग्रहावरून फ्रॅटर्निटीने १९२४ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहास-साहित्याचा सप्ताह केला, १९२६ मध्ये वुडसननी तो मोठा केला आणि आज अख्खी अमेरिका फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळते. कवी लँग्स्टन ह्यूजही याच फ्रॅटर्निटीचा.

सगळं गोड आहे असं मुळीच नाही. नवीन पोरांना आत घेताना मारहाण, छळ, तिकडे हेझिंग म्हणतात, त्यात जीव गेलेत. आपल्याकडे १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे, त्यामुळे ते गुप्त दीक्षा वगैरे प्रकरण आपल्याला नकोच. मला हवाय तो फक्त गावावर बांधलेला चॅप्टर.

आता आपलं बघा. सांगलीला १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, म्हणून आम्ही नाट्यपंढरी म्हणवतो. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा गाजवलेली पोरं नोकरीला लागली की पुण्या-मुंबईत पांगतात, गावात राहिलेली तालमीला जागा शोधत फिरतात, आणि त्याच गावात कॉलेजचा हॉल संध्याकाळी पाचनंतर कुलूपबंद. आमच्या संघाने एका कॉलेजकडे हॉल मागितला तर लग्नाच्या हॉलइतकं भाडं सांगितलं. शाळेतल्या पोरांची एकांकिका होती हो!

तर मागणी एवढीच, साहेब. एक जीआर काढा की अनुदानित कॉलेजांचे हॉल वर्ग सुटल्यावर नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघांना फक्त वीज आणि साफसफाईच्या खर्चात मिळतील, अट ही की कार्यक्रम स्थानिक कलाकारांचा किंवा शाळकरी मुलांचा हवा आणि तिकीट नको. आणि संघाला सभासद घेताना याच कॉलेजचा दाखला मागू नये. सांगलीत राहणारा लातूरच्या कॉलेजचा माणूस इथल्या पोरांना तबला शिकवत असेल तर त्याने काय लातूरला जाऊन शिकवावं?

पैसे मागत नाही आम्ही. वर्गणी काढू, बक्षिसं देऊ, परीक्षक आणू. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आहे, त्याआधी जीआर निघाला तर पहिली स्पर्धा सांगलीत भरवतो. तुम्ही आलात तर आनंदच आहे, फक्त सत्कार आणि भाषणं मुलांचे प्रयोग झाल्यावर, कारण दहाला माईक बंद करावा लागतो.

आपला,
सांगलीचा एक माजी विद्यार्थी