चिऊ, विलंबित एकतालाबद्दल

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तुला नीट बोलता आलं नाही, मागे संध्याकाळच्या बॅचची पोरं धाधा तिट धाधा तूना घोकत बसली होती आणि तुझा आवाज रडवेला, म्हणून आता सगळे गेल्यावर लिहितोय. प्रोग्रॅमनंतर, ज्यांच्या गाण्याला तू साथ केलीस त्या बाई म्हणाल्या की तबला फार बोलला, नुसता ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, हवा होता, आणि ते तुला लागलं. लागणारच गं. लहानपणापासून अजराडा घराण्याचे कायदे, त्या बोलांच्या रचना, घासायच्या आणि पुण्यातल्या एवढ्या मोठ्या मैफलीत तासभर धिं धिं धागे तिरकिट करत बसायचं. पण तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मी दोनदा ऐकलं आणि मला त्या बाईंचं म्हणणं पटलं.

बडा ख्याल, संथ लयीतला, सुरू झाल्यावर एकेक मात्रा चार सेकंदांची धरली तरी एकतालाच्या बारा मात्रांचं आवर्तन पाऊण मिनिटाचं होतं. मधे एवढी मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतो, आणि तू दहाव्या मात्रेवर नेमकं तेच केलंस. तिथलं तिरकिट गाणाऱ्याला स्वच्छ ऐकू यावं लागतं कारण त्यावरूनच त्याला कळतं की सम, म्हणजे पहिली मात्रा, आली, आता मुखडा, बंदिशीची सुरुवातीची ओळ, उचलायचा. तू तिथे भरीचे बोल घातलेस, छान होते, माझ्याही तोंडून वा गेलं, पण त्यात तिरकिट बुडालं आणि बाईंना मुखडा शोधावा लागला. दुसऱ्या आवर्तनात तो किंचित उशिरा आलाय, ऐक परत. तसंच डग्ग्याचं. अजराड्याची शान डग्ग्यावर सूर घसटत नेणाऱ्या मिंडेत आणि तिरक्या चालीच्या आडलयीत आहे, सोलोत ती दाखव ना पोटभर, पण बाई खर्जात आलाप करत असताना खालून डग्गा घुमला की त्यांचा आवाज झाकला जातो.

थिरकवाँ खाँसाहेबांएवढा सोलो वाजवणारा कोण होता सांग, आणि तेच खाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत पदांना साथ करायचे. त्यांना काय बोल कमी येत होते? आपल्या बडोद्यात तर ह्या गोष्टींना मान आहे, सयाजीरावांनी १८८६ साली गवई मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली तीच आजची सूरसागरजवळची आपली म्युझिक कॉलेज, आणि तिथेच सुधीरकुमार सक्सेना सरांनी हबीबुद्दीन खाँसाहेबांकडून घेतलेला अजराडा पिढ्यानपिढ्यांना दिला. मेरठकडचा बाज दांडिया बाजारातल्या मराठी घरांत ऐकू येतो तो त्यांच्यामुळे. तुझ्या हातात ते आलंय ह्याचा मला फार अभिमान आहे, म्हणूनच एवढं स्पष्ट लिहितोय.

माझं आयुष्य तू बघितलंयस. सकाळी कथकच्या क्लासला साथ, संध्याकाळी बॅचेस, एप्रिल-मेमध्ये गांधर्व मंडळाच्या संगीत परीक्षांची पोरं, नवरात्रात गरब्याच्या पार्टीत नऊ रात्री हींच आणि केहरवा हेच ताल. लोक म्हणायचे एवढा शिकलेला माणूस गरब्यात काय बसतो. तुझ्या कॉलेजच्या फीचा मोठा भाग त्यातूनच आला, आणि हजारो माणसं ज्या लयीवर फिरतायत ती तीन-तीन तास तसूभरही सरकू द्यायची नाही हे शिक्षण मला तिथे मिळालं. प्रारंभिकच्या, पहिल्या परीक्षेच्या, मुलाला 'ना' हा बोल नीट काढायला शिकवतानाही मला कधी कमीपणा वाटला नाही. उलट त्याचा 'ना' पहिल्यांदा घंटीसारखा वाजतो तेव्हा जो आनंद होतो तो मला टाळ्यांनीही झालेला नाही.

आता कामाचं. रोज अर्धा तास तानपुरा लावून नुसता विलंबित एकताल वाजव, मात्रेचे चार भाग मनात मोजत, हाताने एकही जास्तीचा बोल नाही. झुमरा ताल नंतर बघू. हॉलवर लवकर जाऊन एसी चालू असतानाच तबला लाव, ग्रीनरूममध्ये लावलेला तबला स्टेजवर गेल्यावर चढतो किंवा उतरतो, पावसाळ्यात तर विचारूच नको. आणि साउंडवाल्याला सांगून मॉनिटरमध्ये बाईंचा आवाज जास्त घे, स्वतःचा कमी.

त्या बाईंना फोन कर, पुढच्या मैफलीआधी एकदा बसू या का विचार. गाणारे असं विचारणाऱ्या तबलजीला विसरत नाहीत. काळी चार पट्टीच्या तबल्याची शाई, तो मधला काळा गोल, सुटायला लागलीये वाटतं, रेकॉर्डिंगमध्ये तुझा 'ना' जरा फुटका येतोय. दिवाळीला येताना तो घेऊन ये, मांडवीतल्या आपल्या माणसाकडून पुडी, वरचं चामडं, बदलून घेऊ, तोवर दुसरा वापर.

तुझा,
बाबा