आखाजीला येशील तेव्हा सिंधू तू कर

ताई,

तू पाठवलेला टॅब परवा कुरियरवाला दुकानावर देऊन गेला. लगेच खोलला मी, म्हणजे खोका खोलला, टॅब नाही, कारण तो खोलायला जागाच ठेवलेली नाही, चारी बाजूंनी बोटं फिरवून पाह्यली पण एक स्क्रू सापडेल तर शपथ. तुझी आई म्हणे, "मांगनं झाकन काय देखी ऱ्हायनात, पुढे देखा ना!"

तू फोनवर विचारलं कसा वाटला तेव्हा मी "भारी आहे" म्हणून मोकळा झालो, कारण तू ऑफिसात होती. आता सविस्तर सांगतो. हे पत्र टॅबवरच करतोय, बोललं की आपोआप अक्षरं उमटतात, हे मात्र मानलं आपण. फक्त मी एकच प्याला नाटकातला दारुडा तळीराम म्हटलं की ते तुळशीराम लिहितं. ते नाटक लिहिणाऱ्या राम गणेश गडकरींना कळलं असतं तर त्यांनी यावर पानभर कोटी केली असती.

हे बघ, मला गॅजेटचा राग नाही, पस्तीस-छत्तीस वर्षं त्यांच्यावरच घर चाललं आपलं. १९८७ ला रामायण सुरू झालं तेव्हा मी शिकाऊ होतो, शनिवारी रात्री बारापर्यंत दुकान उघडं, कारण रविवारी सकाळी ज्याचा टीव्ही बंद त्याच्या घरात चूल पेटायची नाही. लोक सायकलच्या कॅरियरवर टीव्ही बांधून आणायचे. स्क्रीनवर एकच आडवी पांढरी रेघ दिसली की समजायचं व्हर्टिकल आयसी, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारी चिप, गेला. चित्र येतं-जातं, येतं-जातं असं झालं की मागचं झाकण काढायचं, चालू सेटमध्ये पेचकसच्या प्लास्टिकच्या मुठीनं बोर्डावर हळूच टकटक करत जायचं, जिथं टकटक केल्यावर चित्र हललं तिथं ड्राय सोल्डर. पार्टच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर असते, भिंगाशिवाय दिसत नाही, तिथं सोल्डरचा एक थेंब दिला की टीव्ही पुढची पाच वर्षं बोलतो. यात जी मजा होती ती आता नाही. आता मोबाईल येतो, गरम करून पाठीचा गोंद मऊ करा, पातळ पत्ती घाला, श्वास रोखून काच उचला, आणि आत पाह्यलं तर दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, पार्ट काढा नवा लावा. मी मेकॅनिक राह्यलो नाही बेटा, मी पार्ट बदलणारा झालो. परवाच्या ४४ डिग्रीत तर एका गिऱ्हाईकाचा फोन काउंटरवर ठेवल्या ठेवल्या तापलो म्हणून बंद पडला, तो म्हणे अण्णा दुरुस्त करा, मी म्हटलं सावलीत ठेव आणि चहा पी. झाला दुरुस्त.

बरं ते जाऊ दे. पिक्चरचं सांगायचं होतं. मागच्या वेळी तू आली होती तेव्हा पाह्यलं मी, तू पिक्चर दीडपट स्पीडनं पाहते! विचारलं तर म्हणे वेळ वाचतो. अगं पण वेळ घालवायलाच तर पिक्चर पाहतात ना? आम्ही सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरी नदीच्या पात्रात वाळूवर बसून तंबूतला पिक्चर पाह्यचो, रीळ बदलायला थांबले की सगळा तंबू शिट्ट्या मारायचा, आणि तेवढ्या वेळात पुढं काय होईल यावर पैजा लागायच्या. माझं तर असं आहे की त्या थांबलेल्या पाच मिनिटांत मी जो पिक्चर मनात केला तो कधी कधी पडद्यावरच्यापेक्षा बरा निघायचा.

आता मूळ मुद्दा, नाटकं. तू म्हणते की नाटक वाचायचं कशाला, पाहायची गोष्ट आहे, यूट्यूबवर पडलेली असतात. चूक नाही. पण अमळनेरात राहून मी किती नाटकं पाह्यली असतील, बोटावर मोजण्याइतकी. नटसम्राट १९७० साली आलं, डॉक्टर लागूंचं काम मी कधी स्टेजवर पाह्यलं नाही, लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं. वाचताना माझा बेलवलकर, त्यातला तो म्हातारा नट, कोण होता माहितीये? आपल्या गल्लीतले ते एसटीतून रिटायर झालेले कंट्रोलर, जे पेन्शनर असूनही स्टँडवर जाऊन उगाच गाड्यांचे टाइम सांगायचे. तोच आवाज, तीच ताठ मान. मग २०१६ ला पिक्चर आला, नाना पाटेकर आणि विक्रम गोखले समोरासमोर आले की अंगावर काटा येतो, काम एक नंबर, माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे तुझ्या आईनं तुला सांगितलंच असेल. पण घरी येऊन पुस्तक काढलं तर माझा कंट्रोलर गायब! प्रत्येक ओळीला नानाच दिसायला लागला. अजून परत आला नाही तो. आता यात नानाचा काय दोष, पण माझी तक्रार आहे ती आहे.

एकच प्यालाचं मात्र तसं झालेलं नाही. २०२४ ला आपल्या प्रताप कॉलेजात साहित्य संमेलन भरलं होतं ना, तिथून मी ते घेतलं, आतापर्यंत तीनदा झालं वाचून. (तू म्हणायची अमळनेरला काय आहे. संमेलन १९५२ ला पण इथंच झालं होतं. आणि तुम्ही ज्या आयटीच्या गप्पा मारता त्यातली विप्रो १९४५ ला या गावात वनस्पती तूप करायचा कारखाना म्हणून सुरू झाली. असो.) गडकरींनी ते नाटक स्टेजवर पाह्यलंच नाही. २३ जानेवारी १९१९ ला ते सावनेरला वारले आणि २० फेब्रुवारीला गंधर्व मंडळीनं बडोद्याला पहिला प्रयोग केला, बालगंधर्व सिंधू. त्यातली पदंसुद्धा गडकरींची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. म्हणजे लिहिणाऱ्यानं पण ते मनातच पाह्यलं, माझ्यासारखंच, हे कळल्यापासून मला ते जास्त आवडायला लागलं.

वाक्यं फार लांब आहेत, मान्य. सुधाकर, म्हणजे सिंधूचा दारूपायी बुडालेला नवरा, बोलायला लागला की मी मध्ये चहा पिऊन येतो. पण तळीरामाचं आर्यमदिरामंडळ वाच, तुझ्या वेब सिरीजवाल्यांनी त्याच्या पाया पडावं. आणि सिंधूचा तुला राग येईल. मलाही येतो, नवरा सगळं घालवून बसला आणि ही बाई लोकांचं दळण दळते आणि वर त्याला देव मानते. पण तो राग वाचतानाच येतो, पाहताना रडू येतं आणि राग राहून जातो. यूट्यूबवर मी ते पाह्यलं तेव्हा नुसता रडलो, वाचलं तेव्हा पुस्तक आपटलं. मला आपटणं बरं वाटलं.

गंमत म्हणजे ते पुस्तक तुझ्या टॅबवर फुकट निघालं. लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो म्हणे. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, रात्री लाईट गेली तरी चालतं, माझ्या डोळ्यांना छापील पुस्तकापेक्षा हेच सोयीचं पडतं, खोटं कशाला बोलू. आता दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा मोठ्यानं वाचतो, सगळे आवाज मीच. पहिल्या दिवशी तुझी आई डबा घेऊन आली तर दारातच थांबली, म्हणे, "कोनासंगे भांडी ऱ्हायनात?"

पण बाईचा आवाज माझ्याच्यानं निघत नाही. म्हणून आखाजीला, अक्षय तृतीयेला, येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढ. झोका बांधलेला असेल, मांडे होतील, आमरस होईल, आणि दुपारी आपण हे वाचायला बसू. सिंधू तू कर, रागानं वाचली तरी चालेल, उलट तशीच वाच. तळीराम मी. त्याची बायको तुझी आई करते म्हणाली, तिला म्हणे वेगळी तयारी करावी लागणार नाही. सुधाकरचा प्रश्न आहे. शेजारच्या कंपाउंडरला विचारलं, तो म्हणे अण्णा वाचायचं नुसतं आहे की प्याला पण आहे? मी म्हटलं प्याल्यात आमरस. अजून त्याचा होकार आलेला नाही.

तुझा,
अण्णा