सह्याद्रीच्या जन्माचे चित्र कातळ पाहून काढावे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकाची जुनी चित्रे छापलीत, त्याबद्दल मनापासून आभार. एरवी ती आमच्या मुलांच्या नजरेस पडत नाहीत. मात्र चित्रे पाहून काढली की ऐकून, हा मुद्दा लेखात राहून गेला. आयुष्यभर चित्रकला शिकवल्यामुळे मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो.

नेपल्समधले ब्रिटिश राजदूत विल्यम हॅमिल्टन यांनी पिएत्रो फाब्रिस या चित्रकाराकडून ज्वालामुखीच्या परिसराची चित्रे काढून घेतली. १७७६ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथात हाताने रंगवलेली ५४ चित्रे आहेत. लाव्हा कुठून फुटला, कुठवर आला हे तर त्यात आहेच; शिवाय गोळा केलेले दगडही एकेक करून मांडून रंगवले आहेत. इंग्लिश चित्रकार टर्नरने १८१५ साली कॅरिबियन बेटावरच्या सूफ्रिएर ज्वालामुखीचा उद्रेक रंगवला, तो मात्र त्याने स्वतः पाहिलेला नव्हता. दुसऱ्याच्या रेखाटनावरून केलेले ते काम थरारक आहे, पण अभ्यासाला मी मुलांसमोर फाब्रिसच ठेवीन.

आणि विल्यम अ‍ॅस्क्रॉफ्ट! ऑगस्ट १८८३ मध्ये इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. पुढे कित्येक महिने लंडनच्या संध्याकाळी लालभडक होत होत्या, कारण उद्रेकातल्या वायूंपासून बनलेले सूक्ष्म कण वातावरणात उंचावर पसरले होते. हा माणूस थेम्सकाठी बसून बदलते आकाश पेस्टलने भराभर टिपत राहिला. पाचशेहून अधिक रेखाटने झाली आणि शास्त्रज्ञांनी या उद्रेकावरच्या १८८८ च्या अहवालात त्यांचा उपयोग केला.

आता आपल्याकडे पाहा. सह्याद्रीचा जन्म म्हटले की फलकावर, विज्ञान प्रदर्शनात एकच चित्र: शंकूसारखा डोंगर आणि माथ्यातून उडणाऱ्या ठिणग्या. हा तर व्हेसुव्हियस झाला! आपल्याकडे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून पातळ लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला. ते पाहायला माणूस नव्हता, पण पुरावा समोर उभा आहे. साताऱ्याच्या आसपासच्या घाटांत काळ्या कातळाच्या आडव्या थरांमध्ये कुठे कुठे विटकरी पट्टी दिसते. दोन लाव्हांच्या मधल्या काळात खालचा थर हवा-पाण्याने कुजून ती माती झाली. बोट फिरवले तर गेरूसारखा रंग लागतो. कातळात वायूच्या बुडबुड्यांची भोकेही सापडतात, काहींत पांढरे स्फटिक धरलेले असतात.

ज्या जिल्ह्यात औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः कुंचला हाती धरला आणि डोंगरावर चित्रसंग्रहालय उभारले, तिथे हे चित्र चुकीचे राहू नये. भूशास्त्राचे एखादे प्राध्यापक आणि इथले चित्रकार यांनी एकत्र बसून ते नव्याने करावे. आइसलँडमध्ये डिसेंबर २०२३ पासून भेगांतून झालेल्या उद्रेकांचे चित्रण त्यांना सहज पाहता येईल. आपल्याकडचा पसारा त्याहून कितीतरी मोठा होता, एवढे भान ठेवावे. चित्रकला शिक्षकांनीही मुलांना वही-रंग घेऊन कातळापाशी न्यावे. पावसाळ्यात दरडी सुटतात, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस बरे. मुलांच्या त्या चित्रांसाठी आपण पुरवणीचे अर्धे पान द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा