खाडा आणि सोन्याची पाच नाणी

हडर्सफील्ड, रविवार दुपार

प्रिय संज्या,

'स. न. वि. वि.' लिहिणार होतो, पण तू हसला असतास. परवा फोनवर तुझ्यामागं माग खडखडत होते, निम्मं ऐकू आलं नाही. कळलं एवढंच, की थोरल्या दादांच्या पोराला कुठल्याशा कबड्डी संघाच्या माणसानं गाठलंय, पोरगं पंधरा वर्षांचं आहे आणि दादा म्हणतात आधी दहावी. वर तू मलाच विचारतोस काय करायचं! मी जन्मात एकदाच चढाईला गेलो, गणपतीतल्या सामन्यात, आणि पँट फाटून परत आलो.

पण तुझा प्रश्न डोक्यात होता म्हणून आज बस पकडून होल्मफर्थला गेलो. डोंगराच्या कुशीतलं गाव, काळपट दगडी घरं, आणि पाऊस, तो तर असतोच. त्याला लागून अंडरबँक म्हणून वस्ती आहे. 1891 साली तिथं हॅरॉल्ड वॅगस्टाफ जन्मला. 1906 साली हडर्सफील्डच्या क्लबनं त्याला करारात घेतलं, तेव्हा तो पंधराच वर्षांचा होता. किंमत सोन्याचे पाच सॉव्हरिन. एक नाणं आठ ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यानं चार तोळे झाले. वहिनींना सांग, त्या लगेच भाव काढतील.

आता हा कुठला खेळ ते सांगतो, कारण इचलकरंजीत रग्बी म्हटलं की लोकांना अमेरिकन हेल्मेटवाले आठवतात. हा रग्बी लीग. आणि मर्दा, ह्या खेळाचा जन्मच खाड्यातून झालाय. आठवतं, राज्य निवडीच्या सामन्यांना गेलास आणि परत आल्यावर मालकानं तीन दिवसांचा पगार कापला होता? इथंही तेच दुखणं. उत्तर इंग्लंडातले खेळाडू गिरणीत, कोळशाच्या खाणीत राबणारे. सामन्यासाठी काम बुडलं की मजुरी गेली. क्लब म्हणाले, निदान बुडालेली मजुरी तरी भरून देऊ. रग्बी चालवणारे दक्षिणेकडचे साहेब म्हणाले, छे, खेळ हा हौसेसाठी! अरे, ज्याला सोमवारी कामावर जायचंच नाही त्याची हौस स्वस्तच असणार. शेवटी 29 ऑगस्ट 1895 ला इथल्या जॉर्ज हॉटेलात वीसेक क्लबांनी बैठक घेतली आणि सवतासुभा मांडला, नॉर्दर्न युनियन. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग. ह्या हॉटेलची इमारत रेल्वे स्टेशनसमोरच्या चौकात आहे. मी रोज त्याच्यावरून जातो आणि मला दोन वर्षं पत्ता नव्हता.

उघड पैसे घेऊन खेळायला मुभा मिळाली ती 1898 ला. तीही अट घालून, की खेळाडूला दुसरी कायमची नोकरी हवीच. ही अट निघाली 1905 ला. पुढच्या वर्षी पंधराऐवजी तेरा गडी खेळवायचं ठरलं, आणि त्याच हंगामात आपला वॅगस्टाफ मैदानात उतरला. पोराचं टायमिंग बघ!

तो सेंटरला, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळायचा. समोरचा गडी पुरता अंगावर ओढून घ्यायचा आणि मगच चेंडू शेजारच्याला सोडायचा. तुझ्या भाषेत, कोपरा आत खेचायचा आणि बोनस दुसऱ्याला मिळवून द्यायचा. सतराव्या वर्षी इंग्लंडकडून खेळला, विशीत क्लबचा कप्तान झाला. 1914-15 च्या हंगामात त्याच्या संघानं चारही करंडक उचलले. चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात सेंट हेलेन्सला 37-3 नं धुतलं. त्यात गंमत अशी, की सेंट हेलेन्सचे खेळाडू पैशावरून आधी खेळायलाच उतरेनात. अंतिम सामन्याच्या दिवशी!

पण मला खरा भावला तो 4 जुलै 1914 चा सिडनीचा सामना. वॅगस्टाफ तेवीस वर्षांचा, ब्रिटनचा कप्तान. यजमानांनी तारीख अलीकडं ओढली, त्यामुळं आठ दिवसांत तिसरी कसोटी खेळायची वेळ आली. पहिली जिंकलेली, दुसरी हरलेली, निम्मे गडी लंगडत होते. तेव्हा बदली खेळाडू नसायचा. जो पडला तो पडला, उरलेल्यांनी ओढायचं. एकाचा पाय गेला. डग्लस क्लार्कचा आधी अंगठा मोडला, तो बांधून परत आला, मग खांदा गेला. तिसऱ्याच्या डोक्याला मार. एका वेळी तेरांपैकी दहाच उरले. अशात वॅगस्टाफनं फळी फोडली आणि चेंडू दिला चिक जॉन्सनला. हा मुळात फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, माणसं कमी म्हणून विंगेवर, मैदानाच्या कडेला उभा. समोर एकच ऑस्ट्रेलियन राहिला, तेव्हा ह्या पठ्ठ्यानं चेंडू खाली टाकला, फुटबॉलसारखा पायानं ढकलत त्याला चकवलं आणि गुण घेतले! ब्रिटन 14-6 नं जिंकलं. तिथं तू असतास तर घसा बसला असता तुझा.

महिनाभरात महायुद्ध पेटलं. त्या दौऱ्यावरचे जार्मन आणि रोमन 1916 ला गेले. वॅगस्टाफही सैन्यात होता. परत आला, 1920 ला पुन्हा दौऱ्याचा कप्तान झाला, पण उमेदीची वर्षं युद्धात गेली ती गेलीच. 1925 ला थांबला. हडर्सफील्डकडून 436 सामने. नंतर प्रशिक्षक झाला, पब चालवला, आणि 1939 ला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याच्याच संघातल्या रोझेनफेल्डनं एका हंगामात 80 ट्राय केले होते, म्हणजे 80 वेळा चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडं नेऊन टेकवला होता. तो विक्रम आजही उभा आहे. तो मात्र पुढं ह्याच गावात नगरपालिकेच्या कचरागाडीवर कामाला होता.

म्हणून, संज्या, दादांशी भांडू नकोस. ते पोराच्या आड येत नाहीयेत, तुझा गुडघा त्यांनी बघितलाय. तुला दवाखान्यात नेताना रिक्षाचे पैसेसुद्धा कुणी दिले नव्हते, ते मी विसरलेलो नाही.

संघाचा कागद आला की सगळ्या पानांचे फोटो पाठव, सही नंतर. दुखापत झाली तर खर्च कुणाचा, आणि खेळणं थांबलं तर त्या महिन्यांचे पैसे चालू राहणार का, ह्या दोन ओळी मी आधी शोधणार. डिसेंबरात येतोय. दादांसाठी इथला सुटाचा पीस आणतो, किनारीवर गावाचं नाव विणलेला. माप मात्र तू घेऊन ठेव, ते मला देणार नाहीत.

तुझा,
बाळ्या